बालशिक्षणात पदव्युत्तर अभ्यास: प्रवेशाआधी काय काय करून ठेवावं

बालशिक्षणात पदव्युत्तर पदवी घ्यायचं मनात आलं की आपण सगळ्यात आधी विद्यापीठांची यादी करायला बसतो. ती यादी थोडी मागे ठेवा, आधी एक वही आणा. अर्जाची मुदत संपायच्या निदान सहा महिने आधीपासून, आठवड्यातून दोनदा एखाद्या बालवाडीत किंवा पाळणाघरात तासभर बसता येईल असं बघा. त्यासाठी संस्थेची लेखी परवानगी घ्या आणि पालकांनाही कळू द्या. वहीत मुलांची खरी नावं लिहू नका, फोटो तर काढूच नका. पुढे संशोधन करताना हे सगळं नियम म्हणून पाळावं लागणारच आहे, सवय आत्ताच लागलेली बरी. आणि बसायचं ते जमिनीवर. खुर्चीत बसलं की मुलांची डोकी दिसतात, हात दिसत नाहीत, आणि या वयातला निम्मा विचार हातांतून चाललेला असतो.

वहीत फक्त दिसलेलं आणि ऐकलेलं लिहा. सोपं वाटतं, पण माझ्या स्वतःच्या सुरुवातीच्या नोंदींत ‘हुशार’, ‘लाजाळू’, ‘हट्टी’ असे शब्द पानोपानी आहेत. एका नोंदीत एवढंच आहे: ‘आज फार हट्टीपणा केला.’ प्रत्यक्षात काय झालं होतं ते मला अजून आठवतं. साडेतीन वर्षांची मुलगी अरुंद ठोकळ्यावर रुंद ठोकळा ठेवत होती. चारदा मनोरा पडला. ताई मदतीला गेल्या तर तिनं हात झटकला. पाचव्या वेळी तिनं खालचा ठोकळा उचलला, फिरवून आडवा ठेवला आणि मनोरा उभा राहिला. ‘हट्टी’ या एका शब्दात तो फिरवलेला ठोकळा हरवून गेला. म्हणून विशेषणं खोडायची आणि त्या जागी क्रियापदं लिहायची. दोन महिन्यांनी मागची पानं वाचाल तेव्हा स्वतःच्या नजरेतला फरक कळेल.

एकाच वयोगटात अडकू नका. बालशिक्षणाच्या अभ्यासात जन्मापासून आठ वर्षांपर्यंतचा काळ धरला जातो, म्हणजे रांगणारं बाळही त्यात येतं आणि पहिली-दुसरीतलं मूलही. ज्यांनी फक्त तीन ते सहा वयाच्या मुलांबरोबर काम केलंय त्यांनी थोडे तास तान्ह्या बाळांजवळ घालवावेत. तिथे शब्द नसतात, त्यामुळे निरीक्षणाचा खरा कस लागतो.

वाचनाची तयारी याच्या जोडीनं चालू द्या. फ्रोबेल या शिक्षणतज्ज्ञानं 1837 मध्ये जर्मनीत लहान मुलांसाठी संस्था काढली आणि 1840 मध्ये तिला किंडरगार्टन हे नाव दिलं. मॉंटेसोरी मूळच्या डॉक्टर, त्यांचं पहिलं बालगृह 1907 मध्ये रोममध्ये उघडलं. मुलांचा विचार कसा वाढतो याचा अभ्यास करणारे मानसशास्त्रज्ञ पियाजे आणि वायगॉट्स्की दोघेही 1896 साली जन्मलेले. एवढा इतिहास दोन-तीन दिवसांत डोक्यात बसतो, त्यावर फार वेळ घालवू नका. वेळ द्यायचा तो या मंडळींच्या मतांवर पुढे कोणी काय हरकत घेतली ते समजून घ्यायला. पियाजेचा प्रसिद्ध प्रयोग घ्या. सोंगट्यांच्या दोन सारख्या ओळी मांडायच्या, दोन्हींत सारख्याच आहेत का ते विचारायचं, मग एक ओळ पसरून लांब करायची आणि पुन्हा तेच विचारायचं. चार-पाच वर्षांची बरीच मुलं म्हणतात, लांब ओळीत सोंगट्या जास्त आहेत. 1974 मध्ये मॅकगॅरिगल आणि डोनाल्डसन यांनी तोच प्रयोग थोडा बदलून केला. ओळ मोठ्या माणसानं नाही, तर एका खोडकर टेडी अस्वलानं विस्कटली. आता कितीतरी जास्त मुलांनी ‘दोन्हीकडे सारख्याच’ असं बरोबर उत्तर दिलं. मोठ्या माणसानं मुद्दाम काहीतरी हलवलं आणि पुन्हा तोच प्रश्न विचारला, तर उत्तर बदलायला हवं असं मुलाला वाटू शकतं. हा प्रयोग शांतपणे, दोनदा वाचा. मुलाला काय येत नाही हे ठरवण्याआधी आपण विचारलं कसं हे तपासायची खोड इथूनच लागते.

आकड्यांची भीती असेल तर ती प्रवेशाआधीच घालवा. नमुना, नियंत्रण गट (तुलनेसाठीचा गट), सरासरी या कल्पना, आणि सहसंबंध (दोन गोष्टी जोडीनं बदलणं) व कार्यकारण (एकीमुळे दुसरी घडणं) यांतला फरक एवढं पक्कं असलं तरी पुष्कळ झालं. सरावासाठी अमेरिकेतला पेरी प्रीस्कूल अभ्यास उत्तम आहे. 1962 मध्ये सुरू झालेल्या त्या अभ्यासात 123 मुलं होती, 58 जणांना पूर्वप्राथमिक कार्यक्रम मिळाला, 65 जणांना नाही, आणि त्यांचा मागोवा ती चाळिशीत पोचेपर्यंत घेतला गेला. बुद्ध्यंकातली सुरुवातीची वाढ शाळेच्या पहिल्या काही वर्षांतच ओसरली, पण शिक्षण पूर्ण करणं, कमाई, गुन्ह्यांत अटक होणं यांत फरक टिकून राहिला. बालशिक्षणाच्या बाजूनं बोलणारा प्रत्येक जण हा दाखला देतो. तुम्ही मात्र देताना गट किती लहान होता आणि ती सगळी एकाच गावातली गरीब कुटुंबं होती, हेही सांगायला शिका.

आता विद्यापीठांची यादी. प्रत्येक अभ्यासक्रमाला तीन प्रश्न विचारा: प्रात्यक्षिकाचे तास किती आणि कोणत्या वयोगटाबरोबर, ही पदवी शिकवण्याचा परवाना देते की नाही, आणि प्रबंध लिहायचा असेल तर मार्गदर्शक कोण असतील. दुसऱ्या प्रश्नात माणसं हमखास फसतात. पदवी हातात येते, पण ज्या राज्यात किंवा देशात काम करायचं तिथे ती शिक्षक म्हणून चालत नाही. हे लेखी विचारून घ्या.

कागदपत्रं नेहमीचीच: गुणपत्रिका, भाषेच्या परीक्षेचा निकाल. त्याखेरीज लहान मुलांमध्ये काम करायचं म्हणून अनेक ठिकाणी पोलिस पडताळणी आणि लसीकरणाची नोंदही मागतात, त्यांना वेळ लागतो. शिफारसपत्र मोठ्या हुद्द्याच्या माणसाकडून घेण्याऐवजी ज्यांनी तुम्हाला मुलांमध्ये वावरताना पाहिलंय त्यांच्याकडून घ्या, आणि त्यांना निदान सहा आठवडे आधी सांगा. हेतुपत्राची सुरुवात ‘मला लहानपणापासून मुलं आवडतात’ अशी नको. वहीतली एक नोंद घ्या, त्यातून पडलेला प्रश्न मांडा, आणि तो प्रश्न घेऊन तुम्ही याच विभागात का येताय ते सांगा.

एक काम मात्र कुठल्याच माहितीपत्रकात नसतं. तुम्ही सहा महिने जिथे जाऊन बसलात, त्या मुलांना तुमची सवय झालेली असते. अचानक जाणं बंद करू नका. शेवटच्या तीन भेटी राहिल्या की कागदावर तीन गोल काढून दाखवा आणि प्रत्येक भेटीला त्यांच्यापैकी कोणाला तरी एक गोल रंगवू द्या.