कोकणातल्या घरात लहान मुलांना विजेपासून कसं जपावं

मूल रांगायला लागलं की बहुतेक घरांत प्लगच्या भोकांना लावायची प्लास्टिकची टोपणं येतात. ती आणावीतच, पण कामाची सुरुवात मीटरपेटीपासून करावी. मिरगापासून पुढचे चार महिने इथल्या भिंती दमट असतात, खाऱ्या हवेने बोर्डातले स्क्रू गंजतात आणि मूल ओल्या हातापायांनी घरभर फिरतं. ओल्या अंगातून करंट सहज वाहतो.

१. वायरमनला बोलावून ३० मिलिअँपिअरची आरसीसीबी बसवून घ्या; बरेच जण तिला ईएलसीबी म्हणतात. ‘एमसीबी आहे की’ एवढ्यावर थांबू नका. एमसीबी असते ती तारा तापून जळू नयेत म्हणून. १६ अँपिअरची एमसीबी त्याहून कमी करंटला पडणारच नाही, म्हणजे वीज तोडणारच नाही, आणि मुलाचा जीव जायला एका अँपिअरचा दहावा भागही पुरतो. आरसीसीबी जमिनीकडे गळणारा करंट ओळखून क्षणात वीज तोडते. तिच्यावरचं टेस्टचं बटण महिन्यातून एकदा दाबा. पडली नाही तर लगेच बदला.

इन्व्हर्टर असेल तर मेन स्विच बंद करूनही त्याच्यावरचे बोर्ड चालू राहतात. त्या लाइनवर आरसीसीबीचं संरक्षण आहे का, हे वायरमनला मुद्दाम विचारा. इन्व्हर्टर कुठून बंद करायचा हे घरातल्या प्रत्येकाला, आजी-आजोबांनाही, माहीत हवं.

२. अर्थिंग तपासून घ्या. सड्यावरच्या जांभ्यात ते मुळात अवघड, त्यात वैशाखात जमीन सुकली की आणखी कमजोर होतं. खड्डा ओल टिकणाऱ्या जागी घ्यावा आणि उन्हाळ्यात त्यात पाणी ओतत राहावं. अर्थिंग चांगलं असेल तर फ्रिजच्या पत्र्यात करंट उतरताक्षणी आरसीसीबी पडते, मुलाचा हात लागायची वाट बघत नाही.

३. आता प्लग. मुलाने दोन भोकांत दोन खिळे घातले आणि करंट एका हातातून दुसऱ्या हातात गेला, तर आरसीसीबीला तो साध्या उपकरणासारखाच वाटतो आणि ती पडत नाही. म्हणून खालचे सॉकेट शटरवाले घ्या, म्हणजे पिन घातल्याशिवाय भोकं उघडत नाहीत. जुन्या वायरिंगमध्ये कधी कधी स्विच फेजऐवजी (वीज आणणाऱ्या तारेऐवजी) न्यूट्रलवर (परतीच्या तारेवर) जोडलेला असतो. बटण बंद असूनही भोकात वीज असते. वायरमनकडून प्रत्येक बोर्ड टेस्टरने तपासून घ्या. आणि वायरची उघडी टोकं काडीने सॉकेटमध्ये खुपसणं आजच बंद करा.

४. रांगणाऱ्या मुलाच्या उंचीवर बसून घर बघा. मच्छर पळवायचं मशीन, चार्जर, जमिनीवर पडलेला एक्स्टेंशन बोर्ड, सगळं हाताशी असतं. पाणी तापवायचा रॉड मूल असलेल्या घरात नकोच.

५. घराबाहेर सगळ्यात धोक्याची वस्तू म्हणजे कपडे वाळत घालायची लोखंडी तार. ती पत्र्याला किंवा विजेच्या खांबाला बांधलेली असेल आणि कुठे एखादी वायर सोललेली असेल, तर सगळी तार जिवंत होते. तिथे नायलॉनची दोरी बांधा. विहिरीच्या पंपाचा स्टार्टर आडोशाला, कुलपात ठेवा.

चतुर्थीला चाकरमानी येतात, घर मुलांनी भरतं आणि मखराभोवती माळा लागतात. गेल्या वर्षीच्या माळा आधी उलगडून बघा. तडकलेली किंवा उंदराने कुरतडलेली माळ टेपने गुंडाळून वापरू नका, टाकून द्या.

वादळात तार तुटून पडली तर मुलांना घरात घ्या, स्वतःही जवळ जाऊ नका, आणि १९१२ वर महावितरणला कळवा.

घरात मुलाला शॉक बसला तर आधी मेन आणि इन्व्हर्टर बंद करा. ते जमत नसेल तर कोरड्या जागी उभं राहून कोरड्या लाकडाने त्याला दूर करा, हात लावू नका. श्वास बंद असेल तर कोणाला तरी १०८ लावायला सांगून लगेच छाती दाबायला आणि तोंडाने श्वास द्यायला लागा. भाजलं असेल तर, वीज तुटल्यावर, २० मिनिटं साध्या वाहत्या पाण्याखाली धरा. हळद, टूथपेस्ट लावू नका. मूल हसतंखेळतं दिसलं तरी दवाखान्यात न्या. चालू वायर चावून ओठ भाजला असेल तर पुढचे दोन आठवडे विशेष लक्ष ठेवा: खपली निघताना ओठातली रक्तवाहिनी फुटून अचानक जोरात रक्त येऊ शकतं. तसं झालं तर ओठ दोन बोटांत घट्ट दाबून धरा आणि तसेच थेट दवाखाना गाठा.