उंचीची भीती: आधी हेडसेट, मग नागपुरातलं बर्डीचं मेट्रो स्टेशन

उंचीच्या भीतीवर आभासी वास्तव, म्हणजे व्हीआर, वापरण्याची पद्धत नवी नाही. अमेरिकी मानसशास्त्रज्ञ बार्बरा रॉथबॉम आणि सहकाऱ्यांचा त्यावरचा अभ्यास १९९५ सालचा आहे. आज त्यासाठी डोळ्यांवर चढवायचा, संगणकाशिवाय स्वतंत्र चालणारा एक हेडसेट पुरतो. मात्र भीती उतरते ती ‘आता मी पडणार’ हा अंदाज खोटा ठरल्याच्या अनुभवाने. तुम्ही उपचार करणारे असाल तर सगळी आखणी त्याभोवतीच करा.

पहिल्या भेटीत हेडसेट बाहेर काढू नका. फिट्स, कानाच्या विकारामुळे येणारी चक्कर, मायग्रेन, भास होणं याची चौकशी करा. यातलं काही असेल तर आधी डॉक्टरांचा सल्ला घ्या. मग भीतीची उतरंड लिहा: पहिल्या मजल्याची गॅलरी, पाचवा मजला, गच्चीचा कठडा, काचेची लिफ्ट. प्रत्येक पायरीला किती भीती वाटते याचे ० ते १०० गुण रुग्णानेच द्यायचे. सुरुवात ३०-४० गुणांच्या पायरीपासून करा.

खोलीत २ मीटर बाय २ मीटर जागा मोकळी हवी. मे महिन्यात कूलरच्या दमट हवेने आणि घामाने भिंगांवर वाफ धरते, म्हणून सत्र एसीच्या खोलीत घ्या. भिंगं कोरड्या मायक्रोफायबर कापडाने पुसा, स्पिरिट लावू नका. खिडकीतलं ऊन भिंगांवर पडलं तर आतला पडदा जळतो. डोळ्यांच्या दोन बाहुल्यांमधलं अंतर मोजून भिंगं जुळवा. हे टाळलं की डोकं दुखतं आणि रुग्ण दुसऱ्यांदा येत नाही.

दृश्य संगणकाने तयार केलेलंच घ्या. ३६० अंशांच्या व्हिडिओत वाकून खाली पाहिलं तरी दृश्य जागचं हलत नाही, आणि उंचीच्या भीतीत वाकून पाहणं हाच तर गाभा आहे. पायाखाली दोन-तीन सेंटीमीटर जाडीची लाकडी फळी ठेवली की कडा खरी वाटू लागते.

हेडसेट चढवण्यापूर्वी अंदाज लिहून घ्या: ‘कठड्याशी गेलो तर पाय लटपटून पडेन, खात्री ८० टक्के.’ दृश्यात १०-१५ मिनिटं थांबायचं, दर दोन-तीन मिनिटांनी गुण विचारायचे. डोळे मिटणं, दूर क्षितिजाकडे पाहणं, तुमचा हात धरणं या पळवाटा हळूहळू बंद करा. नंतर विचारा, पडलात का? खात्री आता किती?

सर्वात जास्त चुकतं ते मळमळ आणि भीती ओळखण्यात. छाती धडधडणं, श्वास वाढणं ही भीती. तिथे थांबवू नका, पण जबरदस्तीही नको. तोंडाला पाणी सुटणं, जांभया, पोटात ढवळणं ही मळमळ. लगेच हेडसेट काढा. ती बहुधा दृश्य सरकतं आणि शरीर जागेवर असतं म्हणून होते, तेव्हा रुग्णाला स्वतःच्या पायांनी चालू द्या. सत्रानंतर १५-२० मिनिटं बसवून मगच गाडी चालवू द्या.

पाल किंवा झुरळाच्या भीतीला मिश्र वास्तव जास्त सोयीचं: टेबल आणि हात खरे, झुरळ तेवढं आभासी.

हेडसेटमध्ये गुण उतरले की बाहेर पडा, नाहीतर धैर्य खोलीपुरतंच राहतं. नागपुरात सीताबर्डी इंटरचेंज मेट्रो स्टेशनला वरच्या फलाटावर कठड्याला हात न लावता उभं राहणं, वर्धा रोडच्या डबल-डेकर पुलावरून मेट्रोने खिडकीबाहेर पाहत जाणं, मग नातेवाइकाच्या इमारतीची गच्ची. आधी सोबतीने, मग एकट्याने. दिवसा आणि रात्रीही. प्रत्येक वेळी अंदाज आधी लिहायचा.