गोव्याहून नागपूर: दीड तासाचं विमान, सहा-सात तासांचा प्रवास

वेर्ण्याच्या औद्योगिक वसाहतीत नोकरी लागून नागपूर-वर्ध्याकडून आलेल्यांचा पहिला प्रश्न ठरलेला असतो: घरी पोचायला किती वेळ लागतो? मोबाइलवर लगेच उत्तर मिळतं. सरळ रेषेत ८०० ते ८५० किलोमीटर, थेट विमानाने साधारण दीड तास. आकडे खरे आहेत. पण घरून फोन आला आणि तातडीने निघायचं असेल, तर एवढ्यावर हिशोब मांडू नका.

गोव्यात विमानतळ दोन आहेत: वास्कोजवळचा दाबोळी आणि पेडणे तालुक्यातला मोपा. मोप्याहून विमानं जानेवारी २०२३ पासून सुटतात. तिकीट काढताना दोन्हींना ‘गोवा’च लिहिलेलं असतं, म्हणून शेजारचा कोड वाचा. जीओआय म्हणजे दाबोळी, जीओएक्स म्हणजे मोपा. वेर्ण्याहून दाबोळी अर्ध्या तासावर. मोप्याला मात्र झुआरीचा पूल, पणजी, पर्वरी, म्हापसा असं सगळं ओलांडून धारगळहून वर चढायचं, आणि पर्वरीला गाड्या तुंबल्या की दीड तासही अपुरा पडतो. मोपा उत्तरेला असल्यामुळे नागपूरचं हवाई अंतर थोडं कमी होतं खरं, पण त्यात वाचतात फार तर चार मिनिटं! तेव्हा नुसतं स्वस्त तिकीट बघू नका, टॅक्सीचं भाडं त्यात मिळवून बघा. कदंबच्या, म्हणजे गोव्याच्या सरकारी बस आहेत, त्यांच्या वेळा आदल्या दिवशीच विचारून ठेवा.

आता वर्ध्याच्या माणसाचा हिशोब मांडू. वेर्णा ते दाबोळी अर्धा तास, विमानतळावर दोन तास आधी, उड्डाण दीड तास, बॅग हातात येईपर्यंत अर्धा तास. नागपूरचा विमानतळ वर्धा रोडलाच असल्यामुळे शहरात शिरावं लागत नाही, पुढे दीड तासात घर. झाले सहा तास. मोप्याहून निघालात तर सात धरा.

थेट विमान हव्या त्या दिवशी असेलच असं नाही. ऑक्टोबर आणि मार्चच्या अखेरीस वेळापत्रकं बदलतात, तेव्हा नव्याने बघावं लागतं. मुंबईमार्गे जायचं तर हवेतलं अंतरच जवळजवळ ११०० किलोमीटर होतं, वर मधला थांबा. तरी खुशाल जा, पण दोन्ही विमानं एकाच पीएनआरवर घ्या. पहिल्याला उशीर होऊन दुसरं हुकलं, तर पुढची सोय विमान कंपनीला करावी लागते. वेगवेगळी तिकिटं काढलीत तर दुसऱ्याचे पैसे बुडाले समजा.

पावसाळ्यात आणखी जपा. जून-जुलैत ढग खाली आले की विमान वर घिरट्या घालत राहतं, कधी उतरायला दुसऱ्याच शहरी नेतात. त्या महिन्यांत लग्नाच्या दिवशी सकाळी पोचणारं तिकीट काढूच नका, आदल्या दिवशी पोचा.

सामानाचंही सांगतो. येताना आईने दिलेला ठेचा, लोणचं नीट बांधून चेक-इनच्या बॅगेत घाला, हातातल्या पिशवीत असलं तर सुरक्षा तपासणीत काढून घेतील. जाताना घरच्यांसाठी काजू खुशाल न्या. सुक्या खोबऱ्याच्या वाट्या मात्र नेऊ नका. त्यातल्या तेलामुळे ते पेट घेणाऱ्या सामानात मोडतं, आणि चेक-इनच्या बॅगेतूनही बाहेर काढायला लावतात.