फिशटँक क्लबच्या बैठकीला वक्ता कसा मिळवायचा

आमच्या लातूरच्या फिशटँकवाल्यांच्या क्लबात वर्षभराचे कार्यक्रम ठरवायचं काम माझ्याकडे आहे. नवा क्लब निघाला की सगळ्यांना आधी कोणीतरी मोठा माणूस बोलवावासा वाटतो. मोठा माणूस येतो, मत्स्यपालनाचं महत्त्व सांगतो, शाल-श्रीफळ घेतो आणि जातो. मेंबर घरी जाऊन बघतो तर टँकचं पाणी तसंच दुधाळ. म्हणून नाव नंतर ठरवा. आधी मेंबरांना विचारा, या महिन्यात कुणाचे मासे कशाने गेले?

एवढं विचारलं की विषय आपोआप निघतात. एप्रिल-मेमध्ये रडगाणं एकच, उकाडा. पारा चाळिशीपार गेला की टँकचं पाणी कोमट होतं, कोमट पाण्यात ऑक्सिजन कमी मावतो आणि मासे वर येऊन तोंडाची उघडझाप करत बसतात. त्यात लाइट गेली की पंप बंद. या विषयाला इन्व्हर्टर-बॅटरीचा दुकानदार बोलवा आणि त्याला एकच प्रश्न द्या : हवेचा छोटा पंप रात्रभर चालवायचा स्वस्त जुगाड काय? आमच्याकडे आलेल्याने बोलण्याआधी टेबलावर बॅटरीला पंप जोडला आणि बादलीत बुडबुडे काढून दाखवले. त्यानंतर त्याला बोलावंच लागलं नाही, लोकच प्रश्न विचारत सुटले.

पाण्याचा कार्यक्रम मात्र दरवर्षी घ्याच. ज्या गावाला 2016 साली मिरजेहून रेल्वेने पाणी आणावं लागलं, तिथे ‘दर आठवड्याला पाणी बदला’ असा सल्ला देणं सोपं नाही. प्रत्येकाला घरचं पाणी बाटलीत आणायला सांगा. बाटलीवर स्केचपेनने भाग लिहायचा आणि खाली ‘नळ’, ‘बोअर’ किंवा ‘टँकर’. आरओ दुरुस्त करणारा मुलगा टीडीएस (पाण्यात विरघळलेले एकूण क्षार) मोजायचं मीटर बाटलीत बुडवून आकडा मोठ्याने वाचतो, दुसरा कुणी फळ्यावर मांडतो. टीडीएस म्हणजे जडपणा नव्हे, हे तिथेच सांगून टाका (मी शाळेत विज्ञान शिकवते, त्यामुळे मला राहवत नाही). प्रत्येक बाटलीत साबणाच्या पाण्याचे सारखेच थेंब टाकून हलवा. फेस कमी आला तर पाणी जड. औसा रोडच्या बोअरची बाटली कितीही हलवली तरी फेस धरेना, तेव्हा कार्डिनल टेट्रा (हलक्या पाण्यातले छोटे मासे) मरतात म्हणून हैराण झालेला आमचा एक मेंबर स्वतःच म्हणाला, ‘आता मॉलीच पाळतो.’ मॉली-गप्पींना जड पाणी मानवतं. टँकरवाल्यालाही बोलवा. पाण्यात जंतू मारायची टीसीएल (ब्लीचिंग) पावडर कधी आणि किती टाकतात, ते त्याच्याकडूनच ऐका.

रोगांसाठी उदगीरचं मत्स्यविज्ञान महाविद्यालय आपल्या जिल्ह्यातच आहे. प्राचार्यांच्या नावे रीतसर पत्र द्या, तेही निदान महिनाभर आधी. प्राध्यापकांना जमलं नाही तर दिवाळीच्या सुट्टीत गावी आलेला त्यांचा विद्यार्थी गाठा. तो जास्त मोकळं बोलतो. ‘माशांचे आजार’ एवढाच विषय कळवलात तर पुस्तकच वाचून दाखवतील. त्याऐवजी मेंबरांच्या आजारी माशांचे फोटो चार दिवस आधी व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवा आणि त्यावरच बोला म्हणावं.

मला सगळ्यात आवडलेला कार्यक्रम धनेगावच्या धरणावर जाळं टाकणाऱ्या मामांचा. ‘मला नाही बाई भाषण जमत,’ म्हणाले. मग माइक काढला, दोन खुर्च्या समोरासमोर मांडल्या आणि मी विचारत गेले. पहिल्या पावसाचं गार, नवं पाणी आलं की मासे अंडी घालायला चढणीला कसे लागतात, हे त्यांनी हातवारे करून सांगितलं. कोरिडोरसची (टँकच्या तळाशी फिरणाऱ्या छोट्या माशांची) अंडी मिळत नाहीत म्हणणाऱ्यांनी लगेच कान टवकारले, कारण टँकमध्येही थोडं गार पाणी बदलून तोच पावसाळा आणता येतो. अशा पाहुण्याला येण्याजाण्याचं भाडं आणि बुडालेल्या दिवसाची मजुरी पाकिटात घालून आधीच द्या. शाल त्यांच्या काय कामाची?

दुकानदाराला बोलावलंत तर माल विकायचा नाही, ही अट आधीच घाला. जागेची चिंता लातुरात तरी नसते. क्लासेसच्या खोल्या भरपूर आहेत, फक्त त्यांच्या परीक्षांचे रविवार विचारून घ्या. गणपतीचे दिवस आणि दाट लग्नतिथी टाळा. वक्त्याला आठवडाभर आधी एक आणि आदल्या संध्याकाळी एक असे दोन फोन करा.

तरीही ऐनवेळी वक्ता येत नाही, हे धरूनच चाला. त्या दिवसासाठी लिलाव तयार ठेवा : जास्तीची पिल्लं, छाटलेली रोपं, जुने फिल्टर. पिशवीवर माशाचं आणि देणाऱ्याचं नाव हवं. लिलावाचे मासे आदल्या दिवसापासून उपाशी ठेवायला सांगा, नाहीतर बोली लागेपर्यंत पिशवीतलं पाणी घाण होतं.