फी माफ झाली, आता पोरगी कॉलेजात टिकेल कशी?

मागच्या वर्षी जुलैत एक पोरगी भर पावसात माझ्या दारात उभी राहिली. बाप कळमना मार्केटात हमाली करतो, आई पारडीला चार घरची धुणीभांडी. पोरीला कॅपच्या, म्हणजे सरकारच्या केंद्रीय प्रवेश प्रक्रियेच्या, दुसऱ्या फेरीत इंजिनिअरिंगची सीट लागली होती. ओबीसी, घरचं उत्पन्न मर्यादेच्या कितीतरी खाली, म्हणजे शिक्षण शुल्क पूर्ण माफ. तरीही कॉलेजच्या खिडकीवर तिला 14,000 रुपयांचा आकडा लिहून दिला होता: विकास शुल्क, अनामत, युनिफॉर्म, आणखी काय काय. प्रवेश पक्का करायची मुदत दुसऱ्या दिवशी पाच वाजेपर्यंत. ती एवढंच म्हणाली, "काकू, फी तं माफ हाय म्हनत होते नं?"

मी नागपुरातल्या एका कॉलेजात 27 वर्षं शिष्यवृत्तीचं टेबल सांभाळलं. आता मानेवाड्यात घराच्या ओट्यावर दर रविवारी पोरापोरींचे अर्ज पाहते. ओळखीचे लोक येऊन विचारतात, "आमच्या कामवाल्या बाईची मुलगी हुशार आहे, तिची फी भरून टाकू का?" त्यांच्यासाठी हे लिहिते आहे. मन मोठं आहे त्यांचं, पण पैसा चुकीच्या जागी जातो. बहुतेक वेळा फी भरायची गरज नसते. भलतंच काहीतरी भरायचं असतं, आणि तेही ठरावीक दिवशी.

म्हणून पहिलं काम म्हणजे माफी कुठवर पोचते ते नीट समजून घेणं. 8 जुलै 2024 च्या शासन निर्णयाने ईडब्ल्यूएस (आर्थिक दुर्बल), एसईबीसी (सामाजिक-शैक्षणिक मागास) आणि ओबीसी मुलींना, कुटुंबाचं वार्षिक उत्पन्न 8 लाखांच्या आत असेल तर, व्यावसायिक अभ्यासक्रमांचं शिक्षण शुल्क आणि परीक्षा शुल्क पूर्ण माफ झालं. आधी ते निम्मं होतं. यासाठी प्रवेश कॅपमधून झालेला हवा. मॅनेजमेंट कोट्यातून घेतला की माफी गेली. खासगी स्वयंअर्थसहाय्यित विद्यापीठांनाही ती लागू नाही. हे प्रवेशाआधी सांगा, नंतर कळून उपयोग नसतो. एजंटच्या नादी लागून कोट्यातून सीट घेतलेली आणि मग माझ्यासमोर रडलेली घरं मी पाहिली आहेत. ओबीसीच्या मुलाला मात्र अजून निम्मीच सवलत आहे, म्हणजे त्याच घरातल्या भावासाठी हिशेब वेगळा मांडावा लागतो. अनुसूचित जाती-जमातींच्या योजना आणखी वेगळ्या.

ज्यांना माफी आहे त्यांच्याकडून शिक्षण शुल्क आधी भरून घेऊ नका, असं शासनाने कॉलेजांना वेळोवेळी बजावलं आहे. तरी खिडकीवर मागतात. अशा वेळी भांडू नका. "कुठल्या शीर्षाखाली किती, ते लिहून द्या," एवढंच म्हणा. शिक्षण शुल्क वेगळं निघालं की उरलेला आकडा खरा. त्या 14,000 मधले 5,000 असेच गळाले, बाकीचे आम्ही तिघी मैत्रिणींनी मिळून भरले. आणि मूळ टीसी, गुणपत्रिका "ठेवून घेतो" म्हणाले तर पडताळणी झाली की परत मागा. मूळ कागद कॉलेजने अडवून ठेवू नयेत हे विद्यापीठ अनुदान आयोगाने (यूजीसी) ऑक्टोबर 2018 मध्येच सांगितलं आहे.

कागद दिवाळीतच सुरू करा

बारावीचा निकाल लागला की सेतूत, म्हणजे सरकारी दाखले काढायच्या केंद्रात, मुंगीला शिरायला जागा नसते. म्हणून बारावीतल्या पोराला मदत करायची तर दिवाळीच्या सुट्टीत त्याच्या घरी जा आणि कागदांची पिशवी पाहा. गरीब घरात खरंच एक प्लास्टिकची पिशवी असते, तिच्यात रेशनकार्ड, लाईटबिल, आजोबाचा जुना दाखला, सगळं एकत्र कोंबलेलं. ती जमिनीवर ओता आणि एकेक कागद वाचा. नावं जुळतात का? आधारवर एक स्पेलिंग, टीसीवर दुसरं, हा घोळ दहातल्या निदान तीन पिशव्यांत मला सापडतो. तो आत्ताच दुरुस्त करा.

जात प्रमाणपत्र असतं, पण जात वैधता, म्हणजे तो दाखला खरा असल्याची पावती, नसते. ती पडताळणी समितीकडून येते आणि तिला महिने लागतात. अर्ज बारावीतच, कॉलेजच्या शिक्क्यानिशी जातो. ओबीसीला नॉन क्रीमी लेयर, म्हणजे प्रगत गटात मोडत नसल्याचं प्रमाणपत्र, लागतं. तहसीलदाराचा उत्पन्नाचा दाखला मात्र ताजा हवा, तो एप्रिलनंतर काढा. महाडीबीटीवर, म्हणजे शिष्यवृत्तीच्या सरकारी पोर्टलवर, त्या दाखल्याचा बारकोड क्रमांक टाकावा लागतो, तेव्हा झेरॉक्स पुसट नको. अधिवासाचा दाखला विसरतात, तोही काढून ठेवा.

तुम्ही नोकरदार असाल तर तुमची सगळ्यात मोठी मदत पैशाची नाही, एका दिवसाच्या रजेची आहे. हमालाने एक दिवस सिव्हिल लाइन्सला कलेक्टर ऑफिसच्या रांगेत काढला तर त्या दिवसाची मजुरी बुडते. "उद्या या" म्हटलं की दोन दिवसांची. तुमची रजा भरपगारी असते. तुम्ही जा, किंवा सोबत तरी जा.

खात्याचा घोळ

याच्यावर जरा थांबते, कारण सगळ्यात जास्त पैसा इथेच हरवतो. उमरेडकडचा एक मुलगा दोन वर्षं म्हणत होता, शिष्यवृत्ती आलीच नाही. पोर्टलवर तर पैसे जमा झाल्याचं दिसत होतं. पासबुक कोरं. मी त्याला समोर बसवून आधारला कोणती बँक जोडली आहे ते तपासायला लावलं. निघाली भलतीच बँक! सिमकार्ड घेताना दुकानदाराने अंगठा घेऊन एक खातं उघडून दिलं होतं, आणि आधार त्याला जोडला गेला होता. सरकारी पैसा अर्जात लिहिलेल्या खात्यात जात नाही, आधारशी शेवटी जी बँक जोडली तिच्यात जातो. दोन वर्षांचे पैसे तिथे जसेच्या तसे पडून होते. पोरगा माझ्या ओट्यावरच मटकन खाली बसला. तोवर त्याच्या मायने गळ्यातली पोत गहाण टाकली होती.

तर अर्जाआधी बँकेत जाऊन 'आधार सीडिंग' झालंय का विचारा. नुसतं आधारची झेरॉक्स देणं म्हणजे सीडिंग नाही, संमतीचा फॉर्म भरावा लागतो. ओटीपी ज्या मोबाईलवर येतो तो नंबर चालू असला पाहिजे, बापाचा बंद पडलेला नंबर नको. आणि अर्ज भरला म्हणजे काम झालं नाही. तो कॉलेजच्या क्लार्ककडे जातो, मग प्राचार्यांच्या लॉगिनला, मग विभागाकडे. कुठेही तो 'सेंड बॅक', म्हणजे दुरुस्तीसाठी परत, होऊ शकतो आणि घरी कोणी फोन करून सांगत नाही. दर पंधरा दिवसांनी लॉगिन करून पाहायची सवय पोराला लावा.

अनुसूचित जातीच्या मॅट्रिकोत्तर शिष्यवृत्तीत केंद्राचा 60 टक्के वाटा थेट विद्यार्थ्याच्या खात्यात येतो, आणि त्यातली कॉलेजची फी पोराने कॉलेजला भरायची असते. पैसा आला त्या आठवड्यात घरात कोणी आजारी पडलं तर तो दवाखान्यात जातो. मग कॉलेज परीक्षेचा फॉर्म अडवतं. यात बेइमानी नाही, घरात तेवढाच पैसा असतो. तुम्ही मदतीची रक्कम बाजूला काढली असेल तर अशा आठवड्यासाठी थोडी राखून ठेवा.

पोटाचा आणि खोलीचा खर्च

माझ्या ओट्यावर यावरून मोठे वाद होतात. शेजारचे एक निवृत्त बँकवाले काका म्हणतात, सगळ्यांचं कॉलेज फुकट करून टाका, दाखले-बिखले नकोतच. माझी भाची म्हणते, मग बंगलेवाल्याच्या पोराचीही फी गरिबाच्या करातूनच जाणार. दोघांचं मला अर्धं अर्धं पटतं. दाखल्यांच्या जाचात गरीबच गळतो, हे मी 27 वर्षं पाहिलं. पण भाचीचा मुद्दाही जुना आणि भक्कम आहे. 1882 मध्ये इंग्रज सरकारच्या हंटर शिक्षण आयोगापुढे जोतीराव फुल्यांनी हेच मांडलं होतं: महसूल भरते रयत, आणि त्यातून शिकतात वरच्या वर्गातली मुलं. आधी रयतेच्या लेकरांना प्राथमिक शिक्षण द्या, अशी त्यांची मागणी होती.

अमेरिकेतल्या टेनेसी राज्याने 2015 पासून दोन वर्षांची सामुदायिक कॉलेजं फीमुक्त केली. पण बाकीची सरकारी मदत वजा करून जी फी उरेल तेवढीच राज्य भरतं. अगदी गरीब मुलाची फी बहुधा आधीच केंद्राच्या मदतीतून सुटलेली, मग त्याला नवं फारसं काही मिळत नाही. बस, जेवण, खोली त्याच्याच डोक्यावर. त्यांनी एक गोष्ट मात्र छान केली: विद्यार्थ्यांमागे स्वयंसेवक मार्गदर्शक उभे केले, मुदतींची आठवण करून द्यायला. जर्मनीत 2014 पर्यंत सगळ्या राज्यांनी फी काढून टाकली, पण घरचं उत्पन्न पाहून राहण्या-खाण्यासाठी द्यायची मदत तिथे 1971 पासून वेगळी आहेच.

आपल्याकडे हे शाहू महाराजांना आधीच कळलं होतं. त्यांनी 1901 पासून कोल्हापुरात वसतिगृहं काढली, एकामागून एक, वेगवेगळ्या जातींच्या मुलांसाठी. आपल्या वऱ्हाडात पंजाबराव देशमुखांनी अमरावतीला श्रद्धानंद छात्रालय चालवलं. खेड्यातलं पोर शहरात झोपेल कुठे आणि जेवेल काय, याचं उत्तर आधी. म्हणून माझं मत स्पष्ट आहे. फी माफी राहू द्या, मुलांनाही द्या, पण हातात एक रुपया जास्तीचा असेल तर तो मेसवर जाऊ द्या.

त्या कळमन्याच्या पोरीच्या वर्गातली एक मैत्रीण काटोलकडची. तिचा महिन्याचा हिशेब मी वहीत लिहिला: तिघींत मिळून घेतलेल्या खोलीचे 1,800, मेसचे 2,800, बस आणि रिचार्ज 700, झेरॉक्स-प्रॅक्टिकल 300. महिन्याला 5,600, फी शून्य असताना. आणि घरी तिची कापूस वेचायची मजुरी बुडाली ती वेगळीच.

हा खर्च आधी योजनांतून काढायचा प्रयत्न करा. बाहेरगावच्या मुलाने शासकीय वसतिगृहाचा अर्ज भरायलाच हवा. अनुसूचित जाती आणि नवबौद्ध मुलांना तिथे जागा मिळाली नाही तर स्वाधार योजना आहे, उत्पन्नाची मर्यादा अडीच लाख, आणि नागपूर शहरात शिकणाऱ्याला वर्षाला 60,000 मिळतात. आदिवासी मुलांसाठी स्वयम, ओबीसी आणि भटक्या-विमुक्तांसाठी ज्ञानज्योती सावित्रीबाई फुले आधार योजना. अल्पभूधारक शेतकऱ्याच्या किंवा नोंदणीकृत मजुराच्या मुलांसाठी पंजाबरावांच्याच नावाचा निर्वाह भत्ता. स्वाधारची चौकशी दीक्षाभूमीजवळच्या सामाजिक न्याय भवनात करता येते.

पण योजनेचा पैसा मेसवालीच्या तारखेला येत नाही. तुमची जागा तिथे आहे. जुलैत एकदम 20,000 देऊन फोटो काढण्यापेक्षा दर महिन्याच्या 5 तारखेला 2,000 पाठवा, न चुकता, निदान पहिलं वर्षभर. योजनेचे पैसे आले की परत मागू नका. ते पुढच्या सत्राच्या पुस्तकांना लागतात. मार्कांची अट घालू नका. पहिल्या सत्रात एखादा विषय राहतोच, मराठी शाळेतून आलेल्या मुलांचा तर हमखास, आणि नेमकी त्याच वेळी मदत थांबली की पोर घरी परततं. हिशेब मागायचाच तर मायच्या ममतेने मागा. आणि घरच्यांसमोर "आम्ही शिकवतोय" असं कधीही म्हणू नका. त्या बापाची मान खाली जाते.

नूतनीकरणाचा अर्ज दरवर्षी भरावा लागतो, हे पोरांना खरंच माहीत नसतं. कळमन्याच्या पोरीने यंदा दुसऱ्या वर्षाचा अर्ज स्वतः भरला, आणि शेजारच्या पोराचाही भरून दिला. तिचा अर्ज तीन आठवड्यांपासून कॉलेजच्या लॉगिनला अडकून आहे. सोमवारी साडेदहाला खिडकी उघडते, मी तिच्यासोबत जाते आहे.