पीटीच्या तासाला पोरांचा दम वाढवायचा तर एक मोबाईल पुरतो

"ग्राउंडला पाच राउंड मारा" म्हटलं की काय होतं, शिट्टी वाजल्या वाजल्या सगळी पोरं जीव खाऊन पळतात आणि दुसऱ्याच राउंडला पोटात कळ आली म्हणत कडेला बसतात. दम असतो हो त्यांच्यात, पण सुरुवातीलाच सगळा उधळून टाकतात. यावर मला सगळ्यात कामाला आली ती बीप टेस्ट, आणि त्याला लागतं काय तर मोबाईल, ब्लूटूथ स्पीकर, टेप आणि फक्की.

टेपने बरोब्बर 20 मीटर मोजा, पावलांनी नको, कारण अंतर मागेपुढे झालं की मागच्या वेळेशी ताळमेळच लागत नाही. दोन्ही टोकांना फक्कीची रेघ मारा. ॲप किंवा ऑडिओ घरूनच डाउनलोड करून आणा, मैदानावर नेट ऐनवेळी दगा देतं. बीप वाजायच्या आत समोरच्या रेघेवर पोचायचं, वाजली की परत फिरायचं. सुरुवात ताशी 8.5 किमीने, म्हणजे एका फेरीला साधारण साडेआठ सेकंद, मग दर मिनिटाला वेग अर्धा किमीने वाढतो, म्हणजे पुढची लेव्हल सुरू होते. लागोपाठ दोनदा बीप हुकली की त्याचं थांबवायचं आणि लेव्हल लिहून घ्यायची.

सातवीतली एक मुलगी आधी कायम पहिल्या राउंडलाच बसायची. बीपवर पळताना ती तोंडातल्या तोंडात आकडे मोजत पावलं टाकायला लागली आणि पहिल्यांदाच तिसऱ्या लेव्हलपर्यंत टिकली. हळू सुटायचं असतं हे ओरडून सांगून कधीच कळलं नव्हतं तिला, स्पीकरने शिकवलं.

टेस्ट महिन्यातून एकदाच घ्या. बाकी आठवड्यातल्या दोन-तीन पीटीच्या तासांना मोबाईलवर इंटरव्हल टायमर (ठरलेल्या वेळाने आपोआप वाजणारा) लावा, 30 सेकंद पळणं 30 सेकंद चालणं असं आठ वेळा, आणि पोरं आरामात करायला लागली की पळणं 5 सेकंदांनी वाढवा. संपल्यावर मनगटाची नाडी 15 सेकंद मोजून चारने गुणायला लावा, पुन्हा दोन मिनिटांनी मोजा. आकडा लवकर उतरायला लागला की समजा दम वाढतोय. मुलांना हे फार आवडतं, स्मार्टवॉच लागतच नाही.

नोंदी गुगल शीटमध्ये ठेवा पण वर्गात नंबर लावू नका प्लीज, प्रत्येकाला फक्त स्वतःचा मागचा आकडा दाखवा. खेलो इंडियाच्या चाचणीत 600 मीटर धावणं असतंच, त्याचीही तयारी यातच होते.

दम्याचं पोर असेल तर पालकांशी आधी बोला, पंप जवळ हवा. उन्हाळ्यात पहिल्या तासालाच घ्या, आणि उपाशी आलेल्याला त्या दिवशी पळवू नका, त्याच्या हातात स्टॉपवॉच द्या.