कोअर डम्प: कोसळलेल्या प्रोग्रामची मेमरी हाती कशी लागते

प्रोग्राम कोसळतो तेव्हा चुकीचा सगळा पुरावा त्याच्या मेमरीत असतो, आणि प्रोसेस (चालू असलेला प्रोग्राम) संपली की कर्नल, म्हणजे ऑपरेटिंग सिस्टिमचा गाभा, ती मेमरी काढून घेतो. मधल्या क्षणात ती डिस्कवर उतरवून घेतली की त्या फाइलला कोअर डम्प म्हणतात. नाव जुन्या यंत्रांपासून चालत आलंय. तेव्हा मेमरी म्हणजे बारीक चुंबकीय कड्यांची जाळी असे आणि त्या कडीला कोअर म्हणत. कड्या गेल्या, नाव राहिलं.

पुढचं बहुतेक सगळं लिनक्सबद्दल आहे, विंडोज आणि मॅक शेवटी थोडक्यात. आज्ञा आणि फाइलींची नावं इथे देवनागरीत लिहिली आहेत, टाइप करताना ती नेहमीच्या रोमन अक्षरांतच करायची.

कोअरमध्ये काय असतं आणि काय नसतं

कोअर ही ईएलएफ फाइलच असते, म्हणजे लिनक्सवरच्या प्रोग्राम फाइलींचाच साचा. तिच्या नोट विभागात प्रत्येक थ्रेडचे (प्रोसेसच्या आत समांतर चालणाऱ्या धाग्याचे) रजिस्टर (प्रोसेसरमधल्या छोट्या जागा), आलेला सिग्नल (प्रोसेसला मिळालेली सूचना) आणि मेमरीत कुठल्या फाइली कुठे जोडल्या होत्या त्याची यादी असते. पुढे लोड विभागांत प्रत्यक्ष मेमरी: स्टॅक (चालू फंक्शनांची माहिती), हीप (चालताना मागून घेतलेली मेमरी), ग्लोबल व्हेरिएबल.

प्रोग्रामचा कोड मात्र त्यात नसतो. कोड डिस्कवरच्या फाइलीत आहेच, मग पुन्हा कशाला लिहायचा, असा कर्नलचा हिशेब. काय लिहायचं हे /प्रॉक/<पीआयडी>/कोअरडम्प_फिल्टर ही फाइल ठरवते; पीआयडी म्हणजे प्रोसेसचा क्रमांक. त्याची नेहमीची किंमत हेक्समध्ये ३३ असते, म्हणजे फाइलीशी न जोडलेली मेमरी, ईएलएफचे हेडर आणि खाजगी ह्यूज पेज. याचा अर्थ कोअर वाचायला *नेमकी तीच* बायनरी (कंपाइल केलेला प्रोग्राम) आणि त्याच लायब्ररी लागतात. त्याच सोर्समधून पुन्हा बिल्ड केलेली बायनरी चालेल असं गृहीत धरू नका. कंपायलरची आवृत्ती किंवा एखादा पर्याय बदलला तरी पत्ते सरकतात आणि बॅकट्रेस (कुठलं फंक्शन कुठून बोलावलं गेलं त्याची यादी) बिनदिक्कत खोटं बोलतो. म्हणून रिलीज करताना डीबग माहितीसह बायनरी बाजूला जपून ठेवा आणि ग्राहकाकडे स्ट्रिप केलेली, म्हणजे ती माहिती काढून टाकलेली, प्रत पाठवा. डीबग माहिती घालणारा कंपायलरचा '-जी' हा पर्याय लावल्याने प्रोग्राम हळू होत नाही, फाइल फक्त मोठी होते.

चालू करणं

कोअरच्या आकाराची मर्यादा अनेक ठिकाणी मुळातच शून्य असते. शेलमध्ये:

युलिमिट -सी अनलिमिटेड

हे त्या शेलपुरतं आणि त्यातून सुरू झालेल्या प्रोसेसपुरतं लागू होतं, आधीच चालू असलेल्या प्रोसेसला नाही. एक खोच आहे. बॅशमध्ये 'युलिमिट -सी ०' असं नुसतं लिहिलं तर सॉफ्ट (सध्या लागू असलेली) आणि हार्ड (सॉफ्टची कमाल) दोन्ही मर्यादा खाली येतात, आणि रूट (यंत्राचा सर्वाधिकारी युजर) नसाल तर हार्ड मर्यादा पुन्हा वर नेता येत नाही. तात्पुरतं बंद करायचं असेल तर '-एस' जोडा, त्यातला एस मोठा.

लॉगिन करणाऱ्यांसाठी ही मर्यादा /इटीसी/सिक्युरिटी/लिमिट्स.कॉन्फ मध्ये कायमची ठेवता येते. सिस्टिमडी (लिनक्सवर सर्व्हिस सुरू-बंद करणारा प्रोग्राम) चालवत असलेल्या सर्व्हिसला त्या फाइलीचा काही उपयोग नाही, कारण ती फाइल लॉगिनच्या वेळी वाचली जाते. तिथे युनिट फाइलीच्या सर्व्हिस विभागात 'लिमिटकोअर=इन्फिनिटी' लिहून, 'सिस्टिमसीटीएल डेमन-रीलोड' करून सर्व्हिस पुन्हा सुरू करावी लागते. चालू प्रोसेसला खरोखर काय लागू आहे ते /प्रॉक/<पीआयडी>/लिमिट्स मध्ये दिसतं. अंदाज बांधत बसण्यापेक्षा ते आधी पाहा.

कोअर कुठे जाणार हे /प्रॉक/सिस/कर्नल/कोअर_पॅटर्न मधल्या एका ओळीवर ठरतं. ती उभ्या रेघेने सुरू होत असेल तर कोअर फाइलीत न जाता त्या प्रोग्रामच्या इनपुटमध्ये ओतला जातो. आजच्या बहुतेक वितरणांत असंच असतं: कुठे सिस्टिमडी-कोअरडम्प, उबुंटूवर बहुधा अ‍ॅपोर्ट. स्वतःची फाइल हवी असेल तर /इटीसी/सिसीटीएल.डी मध्ये ९९ ने सुरू होणाऱ्या नावाची फाइल करून त्यात लिहा:

कर्नल.कोअर_पॅटर्न=/वार/कोअर/%ई.%पी.%टी

मग 'सिसीटीएल --सिस्टिम' चालवा. ९९ अशासाठी की या फाइली नावाच्या क्रमाने वाचल्या जातात आणि शेवटची जिंकते. '%पी' म्हणजे पीआयडी, '%टी' म्हणजे वेळ. '%ई' मात्र फसवं आहे. ते प्रोग्रामचं नाव वाटतं, पण असतं कोसळलेल्या थ्रेडचं नाव, तेही १५ अक्षरांवर छाटलेलं. थ्रेडना 'वर्कर-३' अशी नावं देणाऱ्या प्रोग्रामचे कोअर त्याच नावाने पडतात आणि शोधणारा भलतंच नाव शोधत राहतो. फोल्डर आधी तयार करून ठेवा, कर्नल तो बनवत नाही. ज्या युजरखाली प्रोग्राम चालतो त्याला तिथे लिहिता आलं पाहिजे.

सगळं लावून झालं की खऱ्या क्रॅशची वाट पाहू नका, सेग्व्ह (मेमरी चुकीची वापरल्याचा सिग्नल) स्वतःच पाठवून बघा:

स्लीप १००० &
किल -सेग्व्ह $!

शेलने 'सेगमेंटेशन फॉल्ट' च्या पुढे कंसात 'कोअर डम्प्ड' म्हटलं पाहिजे. पॅटर्नमध्ये पाइप (ती उभी रेघ) असेल तर त्या दोन शब्दांचा अर्थ एवढाच, की कर्नलने कोअर पुढे सोपवला. पलीकडच्याने तो ठेवला की टाकून दिला, ते त्याच्याकडेच बघायचं. सिस्टिमडीसाठी 'कोअरडम्पसीटीएल लिस्ट', अ‍ॅपोर्टसाठी /वार/लॉग/अ‍ॅपोर्ट.लॉग.

कोअर पडलाच नाही तर

बहुतेकांचा वेळ इथेच जातो, म्हणून जरा सविस्तर.

आधी सिग्नल पाहा. शेलमध्ये एक्झिट कोडमधून १२८ वजा केले की सिग्नलचा नंबर मिळतो: १३९ म्हणजे ११, सेग्व्ह, १३४ म्हणजे ६, अबॉर्ट. या दोन्हींवर कोअर पडतो. १३७ म्हणजे ९, किल, आणि त्यावर कोअर कधीच पडत नाही. मेमरी संपल्यावर कर्नल प्रोसेस मारतो तो याच सिग्नलने. तेव्हा १३७ दिसला तर कोअर शोधत बसू नका, 'डीमेसेज' मध्ये 'आउट ऑफ मेमरी' आहे का ते पाहा.

दुसरं कारण प्रोग्राममध्येच असतं. कुणीतरी सेग्व्हसाठी हँडलर (सिग्नल आल्यावर चालणारं फंक्शन) लावलेला असतो, तो लॉगमध्ये चार ओळी लिहितो आणि 'एक्झिट' करतो. कर्नलच्या दृष्टीने प्रोसेस शहाण्यासारखी संपली, मग कोअर कशाला? अशा हँडलरने शेवटी सिग्नलची मूळ वागणूक परत लावून तोच सिग्नल स्वतःला पुन्हा पाठवायला हवा.

तिसरं कारण सर्व्हरांचं. रूट म्हणून सुरू होऊन नंतर साध्या युजरवर उतरणारी प्रोसेस कर्नल 'डम्प न करण्याजोगी' ठरवतो, कारण तिच्या मेमरीत रूट असतानाची गुपितं असू शकतात. सेटयूआयडी बायनरींचंही (कुणीही चालवल्या तरी फाइलच्या मालकाच्या हक्काने चालतात त्यांचं) तेच. उपाय दोन. 'एफएस.सुइड_डम्पेबल' ची किंमत २ करा; मग कोअर फक्त रूटला वाचता येतो, आणि पॅटर्नमध्ये पूर्ण पाथ किंवा पाइप असावाच लागतो. किंवा युजर बदलून झाल्यावर प्रोग्राममधूनच 'पीआरसीटीएल' ने डम्पेबल पुन्हा १ करा. सगळ्या यंत्राचा नियम बदलण्यापेक्षा हा दुसरा बरा.

कंटेनरमध्ये (एकाच यंत्रात प्रोग्रामना वेगळं कोंडून चालवण्याच्या कप्प्यात) वेगळीच गंमत. कोअर_पॅटर्न सगळ्या यंत्राचा एकच असतो, कंटेनरला स्वतःचा नसतो. पॅटर्न साध्या पाथचा असेल तर तो पाथ कंटेनरच्या आतला धरला जातो, आणि तिथे तो फोल्डर नसेल तर कोअर गेला. पाइप असेल तर पलीकडचा प्रोग्राम होस्टवर (कंटेनरच्या बाहेरच्या मूळ यंत्रावर) चालतो, तेव्हा कोअरही होस्टवर शोधायचा.

अ‍ॅड्रेस सॅनिटायझर (मेमरीच्या चुका पकडणारं कंपायलरचं साधन) लावून बिल्ड केलं असेल तर ६४ बिटवर तो कोअर मुद्दाम बंद करतो, कारण त्याची सावली मेमरी (कुठली मेमरी वैध आहे याच्या हिशेबाची जागा) टेराबाइटांत जाते. आणि डिस्क भरली की कोअर अर्धवट राहतो. जीडीबी (कोअर वाचणारा डीबगर) तो 'ट्रंकेटेड' आहे असं सांगून उघडतो, पण कापलेल्या भागात स्टॅक असेल तर काही हाती लागत नाही.

मोठ्या प्रोसेसची आणखी एक अडचण: कोअर लिहून होईपर्यंत प्रोसेस पुरती मेलेली नसते. तिचे सॉकेट उघडेच असतात. ४० जीबीचा कोअर लिहिला जात असताना तोच सर्व्हर दुसरीकडून सुरू करायला गेलात तर पोर्ट अजून अडलेला सापडतो. डेटाबेसचे मोठे कॅश असल्या भागांवर 'एमअ‍ॅडव्हाइज' ने 'डोन्टडम्प' ची खूण करून ठेवली, तर ते कोअरमधून वगळले जातात आणि हा वेळ वाचतो.

उघडणं

सिस्टिमडी असेल तर 'कोअरडम्पसीटीएल डीबग <पीआयडी>' पुरतं. नाहीतर 'जीडीबी ./प्रोग्राम कोअर'. त्याआधी 'फाइल कोअर' चालवून तो कुठल्या प्रोग्रामचा आहे याची खात्री करा. बायनरी तीच आहे का हे बिल्ड आयडीवरून (बिल्ड करताना बायनरीत घातलेल्या ओळखीवरून) कळतं: 'ईयू-अनस्ट्रिप -एन --कोअर=कोअर' आणि 'रीडईएलएफ -एन प्रोग्राम' या दोघांनी तीच आकड्या-अक्षरांची साखळी दाखवली पाहिजे. बॅकट्रेसमध्ये नुसती प्रश्नचिन्हं दिसली तर पहिला संशय याच गोष्टीवर घ्या. कोअर दुसऱ्या यंत्रावरून आणला असेल तर तिथल्या लायब्ररीही आणा आणि जीडीबीला 'सेट सिसरूट' ने दाखवा.

जीडीबीत पहिली आज्ञा 'बीटी', दुसरी 'थ्रेड अप्लाय ऑल बीटी'. दुसरी टाळू नका. कोसळलेला थ्रेड कित्येकदा बळी असतो आणि मेमरी खराब करणारा शेजारच्या थ्रेडमध्ये अजून त्याच फंक्शनात सापडतो. मग 'फ्रेम ०', 'इन्फो लोकल्स' आणि:

(जीडीबी) एक्स/आय $पीसी
=> मूव्ह ०एक्स१८(%आरडीआय),%आरएएक्स
(जीडीबी) पी/एक्स $आरडीआय
०एक्स०

आरडीआय या रजिस्टरमध्ये शून्य, म्हणजे नल पॉइंटर (कुठलीच जागा न दाखवणारा पत्ता). हेक्स १८ म्हणजे २४, तेव्हा प्रोग्राम त्या स्ट्रक्चरच्या २४ व्या बाइटपासूनचं फील्ड वाचत होता. आधी आठ-आठ बाइटांची तीन फील्ड असतील तर हे चौथं. ऑप्टिमायझेशनमुळे व्हेरिएबलच्या जागी 'ऑप्टिमाइज्ड आउट' दिसत असतानाही एवढं कळतं.

आरडीआयमध्ये शून्याऐवजी ६१६१६१६१६१६१६१६१ असं काही दिसलं, तर ते हेक्समधलं 'ए' हे अक्षर आठ वेळा आहे. कुणीतरी बफरच्या बाहेर मजकूर लिहून पॉइंटर चिरडलाय. अशा वेळी 'पी $_सिगइन्फो' मध्ये चुकीचा पत्ता शून्य दिसू शकतो, कारण ६४ बिट इंटेल-एएमडीवर असला अवैध पत्ता प्रोसेसर वेगळ्या वाटेने कळवतो आणि कर्नलकडे सांगण्यासारखा पत्ताच नसतो. तो शून्य पाहून नल पॉइंटरचा निष्कर्ष काढू नका, रजिस्टर पाहा.

बॅकट्रेस हजारो फ्रेमचा (एक फ्रेम म्हणजे एक फंक्शन कॉल) निघाला तर स्टॅक संपलाय. 'बीटी -२०' ने सर्वांत बाहेरच्या २० फ्रेम पाहा म्हणजे रिकर्शन (फंक्शनने स्वतःलाच बोलावत राहणं) कुठून सुरू झालं ते सापडेल. आणि अबॉर्टचा कोअर 'फ्री' च्या आतून आला असेल, तर तो गुन्ह्याची जागा दाखवत नाही, गुन्हा उघडकीला आला ती जागा दाखवतो. मेमरी आधीच कधीतरी बिघडलेली असते. तिथे कोअरमध्ये रुतून बसण्यापेक्षा तोच प्रसंग व्हॅलग्राइंड (मेमरीचा वापर तपासणारं साधन) किंवा अ‍ॅड्रेस सॅनिटायझरखाली पुन्हा घडवा.

प्रोग्राम कोसळला नाही, नुसता अडकून पडलाय? 'जीकोअर <पीआयडी>' चालू प्रोसेसचा कोअर काढून तिला पुढे जाऊ देतो. लिहिणं चालू असेपर्यंत ती थांबलेली असते, एवढं लक्षात ठेवा.

विंडोज आणि मॅक

विंडोजवर रजिस्ट्रीत एचकेएलएम\सॉफ्टवेअर\मायक्रोसॉफ्ट\विंडोज\विंडोज एरर रिपोर्टिंग\लोकलडम्प्स ही की करा. तिच्याखाली प्रोग्रामच्या ईएक्सई नावाची उप-की केली तर नियम फक्त त्यालाच लागतो. 'डम्पटाइप' २ ठेवला तर पूर्ण मेमरी मिळते, १ ठेवला तर मिनीडम्प. 'डम्पकाउंट' नाही दिला तर १० डम्प ठेवले जातात आणि नवा आला की जुना जातो. विनडीबीजी या विंडोजच्या डीबगरमध्ये उघडून '!अ‍ॅनालाइझ -व्ही' पासून सुरुवात करा. त्या बायनरीच्या पीडीबी फाइली (विंडोजवर डीबग माहिती यांत असते) नसतील तर इथेही प्रश्नचिन्हांशीच गाठ पडते.

मॅकवर 'युलिमिट' तोच, कोअर /कोअर्स या फोल्डरमध्ये जातो आणि तिथे लिहिण्याची परवानगी लागते. नव्या आवृत्त्यांत बायनरीवर 'गेट-टास्क-अलाउ' ही एन्टायटलमेंट (परवानगीची नोंद) सहीसकट असावी लागते. उघडायला 'एलएलडीबी -सी'.

फाइल दुसऱ्याला देण्याआधी

कोअर विरळ फाइल असू शकते, म्हणजे तिचे रिकामे भाग डिस्कवर जागा घेत नाहीत. 'एलएस -एल' ३० जीबी म्हणेल आणि 'डीयू' ४. साध्या 'एससीपी' ने पाठवली तर पूर्ण ३० जातात, म्हणून आधी 'झेडएसटीडी' ने दाबा किंवा 'टार -एस' वापरा, त्यातला एस मोठा. आणि त्या फाइलीत क्रॅशच्या क्षणी मेमरीत होतं ते सगळं असतं: पासवर्ड, टीएलएसच्या खाजगी चाव्या, युजरने नुकताच भरलेला फॉर्म. बग ट्रॅकरवर कोअर चिकटवू नका, 'थ्रेड अप्लाय ऑल बीटी' चं आउटपुट चिकटवा, तेही एकदा वाचून, कारण फंक्शनला दिलेल्या स्ट्रिंग त्यातही दिसतात.